न केलेली सही

कुन्नंकुळम
१८ ऑगस्ट १९९७

एली,

तुझा पत्ता कुर्याक्कोस अच्चननी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस. रविवारची कुर्बाना संपल्यावर मी चर्चच्या पायऱ्यांवर इतक्या वेळा त्यांची वाट अडवली की शेवटी त्यांनाच लाज वाटली. "टीचर, मी दिला असं मात्र सांगू नका," म्हणाले. आणि मी पहिल्याच ओळीत सांगून मोकळी झाले.

तिरुपूरला तुम्ही नवरा-बायको बनियनच्या कारखान्यात लागलात एवढं कळलं. तू शिलाईला, वर्की पॅकिंगला. खोली कशी आहे, पाणी किती वाजता येतं, तिकडचा जाडा तांदूळ तुझ्या पोटाला सोसतो का, हे अच्चनना माहीत नव्हतं. त्यांना कुणी सांगत नाही आणि ते विचारत नाहीत.

तुम्ही गेल्यावर लगेचच पोरिंजू मुतलाळीची वसुलीची माणसं माझ्याकडे आली होती. ओटीवर बसली, पाणी मागितलं, मी दिलं. एकजण म्हणाला, "बहिणीचा पत्ता सांगा, आम्ही निघतो." मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तेव्हा खरंच नव्हता. तो म्हणाला, "सख्खी बहीण ना तुमची?" मी रिकामा पेला उचलून आत गेले.

त्या दिवशी तू जे बोललीस ते मी उगाळत बसलेली नाही. तू त्या भिशी कंपनीचा, कुरीचा फॉर्म घेऊन आलीस, वर्की दारातच उभा राहिला. एक लाखाची उचल तुमच्या नावावर लागली होती, फक्त सरकारी पगार असलेला जामीनदार हवा होता. "चेची, एक सही," वर्की म्हणाला, "तुमच्या खिशातून पैसा जाणार नाही." मी विचारलं, या लाखाचं काय करणार? तो म्हणाला, ब्लेडवाल्या सावकारांचं फेडणार, उरलेल्यात ओटीवर टाइल्स बसवणार. मी म्हटलं, मग लाखाचे हप्ते कशातून भरणार? दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वर्गात अवघड गणित घातलं.

मी सही केली नाही. तू म्हणालीस, "तुझं आहे कोण दुसरं? पगार कुणासाठी साठवतेस? मेल्यावर पेटीत बरोबर नेणार आहेस?" आणि चहा तसाच ठेवून गेलीस.

उगाळत नाही म्हटलं आणि सगळं लिहून काढलं. असो.

घर बंद आहे. किल्ली शेजारच्या मात्तिरीकडे होती, ती मी आणली. कधीमधी जाऊन खिडक्या उघडते. तुझी जाई वाढली आहे, कुंपणावरून रस्त्यात झुकते.

उत्तर लिही. रागाचं लिहिलंस तरी चालेल.

चेची


कुन्नंकुळम
५ ऑक्टोबर १९९७

एली,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे मिळालं असणार.

काल मी पोरिंजूकडे गेले होते. हो, मीच. सुपारीबाजाराच्या मागे त्याचं ऑफिस आहे ना, वर फायनान्सची पाटी आणि आत सोफ्यावर प्लास्टिक. मला बघून उठला. त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत, धाकट्याला मी दोनदा नापास केलं होतं.

"टीचर, तुम्ही तर जामीन नाहीत. मग इकडं कशा?"

"हिशेब विचारायला आले."

"ज्यांनी घेतलं ते पळाले, आणि हिशेब तुम्हाला हवा?"

"हो. पंचवीस हजार दिलेत. किती परत आले?"

त्यानं सांगितलं. एली, तुम्ही कधी मांडून बघितलं होतं का? शेकडा पाच रुपये महिन्याला, म्हणजे साडेबाराशे. दोन वर्षं तुम्ही दर महिन्याला ते नेऊन दिलेत, कधी वर्कीच्या पुस्तक-बाइंडिंगच्या कामातून, कधी दुसऱ्या ब्लेडवाल्याकडून उचलून. तीस हजार गेले. आणि पंचवीस हजारांतला एक रुपया कमी झालेला नाही. ते सगळं नुसतं व्याज होतं. तुम्ही इतकी वर्षं जागच्या जागी पळत होतात ग.

तुमच्या घराचं आधारपत्र, मालकीचा मूळ कागदच, त्याच्याकडे आहे हे मला तिथे कळलं. आणि तुझी सही असलेला एक कोरा कागद. कोरा! म्हणाला, ईस्टरपर्यंत थांबेन, मग घर माझं.

मी भिंतीवरच्या सावकारीच्या परवान्याकडे बोट दाखवलं. "मुतलाळी, चष्मा विसरले. व्याज किती टक्के लिहिलंय तिथे, जरा वाचून दाखवता?"

तो हसला. "टीचर, तुम्ही शाळेत पण अशाच होता."

"कोर्टात गेलात तर पाच-सात वर्षं जातील, आणि तिथेही तो परवाना वाचावाच लागेल. तीस हजार तुम्हाला मिळाले आहेत. आजपासून व्याज बंद करा. मुद्दल तेवढं घ्या. अर्धं ख्रिसमसपर्यंत, अर्धं ईस्टरपर्यंत."

त्यानं पेनाचं टोपण काढलं, घातलं. मग म्हणाला, "ठीक. पण तुम्ही खाली सही करा."

मी म्हटलं, "सही करणार नाही. पैसे रोख आणीन आणि पावती नेईन."

"सख्ख्या बहिणीसाठी पण नाही?"

"नाही."

आता नीट वाच. तुझ्याकडच्या अम्मच्चीच्या बांगड्या बँकेत गहाण आहेत, ते कर्ज स्वस्त आहे, ते थांबू शकतं. दुसऱ्या ब्लेडवाल्याचं थोडंच उरलंय, तो माणूस ऐकणारा आहे. कुरीत भरलेले हप्ते बुडालेले नाहीत, उचल घेतली नाहीत म्हणून मुदत संपल्यावर परत मिळतील. आधी हा पाच टक्क्यांचा विस्तव विझवायला हवा. कागद कापायचं यंत्र झाकून पडलंय, ते विकता येईल. घर भाड्यानं देता येईल, सरकारी इस्पितळातल्या दोन नर्स खोली शोधत आहेत. पण घर तुझं, यंत्र वर्कीचं. तुमच्या शब्दाशिवाय मी हात लावणार नाही.

दोन ओळी पाठव. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, नुसतं हो किंवा नाही लिही.

मी बरी आहे. रविवारी बीफ करते, खोबऱ्याचे तुकडे घालून. तुकडे आता सगळे मलाच मिळतात. कुणी ताटातून पळवत नाही.

चेची


कुन्नंकुळम
२३ डिसेंबर १९९७

एली,

तुझं कार्ड मिळालं. "यंत्र विक. घर भाड्याने दे. तुझे उपकार नकोत. एली."

पोस्टमननं दिलं तेव्हा मी शाळेच्या फाटकात होते. अक्षर ओळखलं आणि तिथेच उभी राहिले. मुलं बाजूनं पळत होती. हेडमास्तर म्हणाले, "टीचर, वाईट बातमी?" मी म्हटलं, नाही, चांगली आहे. त्यांनी विचारलं, काय? मी म्हटलं, बहीण माझ्यावर रागावली आहे. ते बिचारे गोंधळून गेले.

राग आहे म्हणजे तू अजून माझ्याशी बोलते आहेस.

यंत्र पारा नाक्यावरच्या वारीदनं घेतलं. त्यानं आधी पाती बोथट आहेत म्हणून तोंड वाकडं केलं, मग चाक गंजलंय म्हणाला, मग म्हणाला, "टीचरकडे बघून सहा हजार देतो." मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका, यंत्राकडे बघा." नऊ हजारांवर आला. नर्सांनी अनामत साडेतीन दिली. दोघीही पाला गावच्या आहेत, नीटनेटक्या. एकीनं तुझ्या स्वयंपाकघरातला खिळा काढायला विचारलं. मी म्हटलं, काढू नका, मालकिणीला विचारावं लागेल. एक खिळा, एली! मलाच हसू आलं. पण तो तू ठोकलेला आहे.

साडेबारा हजार पोरिंजूला दिले. पावती सोबत आहे, जपून ठेव. त्यावर "मुद्दलापोटी" असं मी त्याच्याकडून लिहून घेतलंय. हा शब्द नसता तर उद्या तो म्हणाला असता, हे व्याजाचे होते.

पुढचे पैसे तू मनीऑर्डरनं पाठवायला लागलीस तर मी इथे भरत जाईन. जेवण तोडून पाठवू नकोस. थोडे पाठव, पण दर महिन्याला पाठव. ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात आधी कळव, मी पोरिंजूला सांगेन. पैसे बुडवणाऱ्याचा राग येतो त्याला, पण त्याहून जास्त येतो तोंड लपवणाऱ्याचा. तुम्ही घराला कुलूप लावून गेलात ना, तो त्याला अपमान वाटला होता.

परवा ख्रिसमस. कॅरोलवाली पोरं येऊन गेली. ढोल वाजवताना एकानं विचारलं, "एलीचेची कुठे?" दर वर्षी त्यांना तूच केक कापून द्यायचीस. यंदा मी दिला. तुकडे फार जाड झाले.

चेची


कुन्नंकुळम
१५ फेब्रुवारी १९९८

एली,

तुझं मोठं पत्र आलं. मोठं म्हणजे एक पान, पण एका बाजूनं पूर्ण भरलेलं.

वर्कीला हप्त्यावर शिलाई मशीन घ्यायचंय, कारखान्याचं काम घरी आणून करायचंय, आणि तू घाबरून "नको" म्हणालीस. आणि मला लिहिलंस, "तू खूश असशील, मी आता कर्जाला नाही म्हणायला शिकले." त्यातला टोमणा पोचला. पण मी खूश झाले नाही.

कर्ज म्हणजे पाप नाही ग. वर्कीला विचार, मशीन दिवसाला किती शिवेल, डझनामागे किती मिळतील, दोरा आणि वीज वजा जाऊन महिन्याला हातात काय राहील. ते हप्त्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त असेल, आणि काम नसलेला एखादा महिना सोसेल एवढं तुमच्यापाशी असेल, तर घ्या. टाइल्स तुम्हाला कमवून देणार नव्हत्या, मशीन देईल. मात्र कागद तमिळमध्ये असेल तर कुणाकडून तरी शेवटपर्यंत वाचून घ्या. आणि कोऱ्या जागेवर सही नाही. जिथे जागा उरली असेल तिथे आडवी रेघ मार. ते हसले तर हसू देत.

तू विचारलंस, तुला एवढी भीती कसली होती, एका सहीची? प्रश्न रागानं विचारलास, पण विचारलास म्हणून सांगते.

तू पाच वर्षांची होतीस. अप्पन नगरपालिकेत कारकून होते. चाक्को म्हणून त्यांचा मित्र होता, सुपारीचा व्यापार करायचा, आपल्या ओटीवर पत्ते खेळायला यायचा, तुला खांद्यावर घेऊन बाजार दाखवायचा. त्यानं कुरी उचलली आणि अप्पन जामीन राहिले. एक सही. चाक्को वर्षभरात गाव सोडून गेला. मग अप्पनच्या पगारातून दर महिन्याला कापायला लागले, ते निवृत्तीपर्यंत कापतच होते.

तुला पगाराचा दिवस आठवतो का? अप्पन तुझ्यासाठी केळ्याच्या कापांचा पुडा आणायचे आणि तू अंगणात नाचायचीस. मी आणि अम्मच्ची स्वयंपाकघरात पाकीट उघडायचो. पुड्याचे पैसे काढून ठेवायचे हे अम्मच्चीनं ठरवलं होतं. म्हणायची, "लहानीला काही कळू द्यायचं नाही." कळू दिलं नाही.

माझं पळंजीच्या एका घरी ठरलं होतं. मुलगा शाळेत शिक्षकच होता. कुंजप्पू नाव. घरी येऊन गेला होता, आमचं थोडं बोलणंही झालं होतं, एका पुस्तकाबद्दल. हुंड्याची रक्कम जमेना. त्यांनी दोनदा तारीख पुढे ढकलली, मग निरोप आला. अप्पन त्या दिवशी जेवले नाहीत. पुढेही त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि मी त्यांना सांगितला नाही. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांना इतकं सांभाळत होतो की बोलणंच संपलं.

हे तुला माझी दया यावी म्हणून लिहिलं नाही. मला दया नको आहे, त्यापेक्षा तू भांड. पण तू फॉर्म पुढे केलास ना, तेव्हा मला वर्कीचा चेहरा दिसत नव्हता. चाक्को दिसत होता, आणि तो वाईट माणूस नव्हता, एली. तोही असाच हसत म्हणाला होता, तुमच्या खिशातून काही जाणार नाही.

चेची


कुन्नंकुळम
११ एप्रिल १९९८

एली,

सुटलं. आज पोरिंजूचं सगळं फिटलं.

भाडं, तुझ्या मनीऑर्डरी आणि कमी पडलेले तीन हजार. ते तीन हजार माझे. आता ओरड. उपकार नकोत म्हणाली होतीस ना? ते उसने नाहीत, मी दिले आहेत. परत पाठवलेस तर मी पुन्हा तुझ्याच घराच्या छपरावर खर्च करीन, तिथे दोन कौलं फुटली आहेत. मला जेवढं देऊन रात्री झोप लागते तेवढं मी देते. जे माझ्याकडे नाही त्याच्यावर सही करत नाही. माझा सगळा शहाणपणा एवढाच आहे, त्यापलीकडे काही नाही.

पोरिंजूनं आधारपत्र दिलं. मी बसूनच राहिले.

"आता काय टीचर?"

"कोरा कागद."

"तो कुठेतरी असेल, सापडला की फाडून टाकीन. माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. म्हणून तर थांबते. तुम्ही शोधा."

त्यानं चहा मागवला. दोन गिऱ्हाइकं आली, गेली. एका बाईनं कानातलं काढून टेबलावर ठेवलं, आणि मी समोर आहे हे बघून तिनं पदर कानावर ओढला. शेवटी तिसऱ्या कपाटात तो कागद निघाला. खाली कोपऱ्यात तुझी सही, लहान, अगदी व्यवस्थित, तुला परीक्षेत करायला शिकवली होती तशी. मी तो तिथेच चार तुकडे करून पर्समध्ये घातला. पोरिंजू म्हणाला, "तुमच्यासारखी बहीण असती तर मी या धंद्यात पडलो नसतो." मी म्हटलं, "माझ्यासारखी बहीण असती तर तिनं तुमच्याशी अबोला धरला असता."

तो हसला. मी पण हसले. बाहेर आल्यावर मला कळेना, आता हे कुणाला जाऊन सांगू.

गुरुवारी पेसहा झाला, प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा दिवस. घरातला अप्पम मोठ्या माणसानं कापायचा आणि वयाप्रमाणे वाटायचा. मोठी मीच, धाकटीही मीच. मात्तिरी म्हणाली, "आमच्याकडे या." गेले नाही. चुलीवर दूध आटवलं, प्रार्थना म्हटली, अप्पम कापला. तुझा तुकडा मी खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ला, तो टाकायचा नसतो म्हणून.

आधारपत्र घ्यायला तू ये. कागद मोलाचा आहे, पोस्टात टाकायला मला भीती वाटते. वर्कीलाही आण. त्याला सांग, मी काही बोलणार नाही.

चेची


कुन्नंकुळम
२० मे १९९८

एली,

"रजिस्टर्ड पोस्टानं पाठव" असं तू लिहिलंस.

पाठवलं. दोन पाकिटांत घातलंय, आतलं मेणकापडाचं आहे. मिळाल्याची पोच दे.

पोस्टाबद्दल मी खोटं लिहिलं होतं. मला पोस्टाची भीती कधीच नव्हती.

चेची


कुन्नंकुळम
२३ ऑगस्ट १९९८

एली,

पत्र मिळालं. आठ पानं! पोस्टमनलाही ते जड वाटलं.

मशीनचे हप्ते वेळेवर चालले आहेत, बँकेतल्या बांगड्या पुढच्या वर्षी सोडवाल, महिन्याच्या सुरुवातीलाच थोडे बाजूला काढून ठेवता, आणि वर्कीनं कारखान्यातल्या एका पोराला ब्लेडवाल्याच्या दारातून हाताला धरून परत आणलं. हे मी दोनदा वाचलं. त्याला सांग, चेची म्हणाली, शाब्बास. खिळ्याबद्दल विचारलंस. आहे अजून. नर्सांनी त्यावर चाळणी अडकवली आहे.

पाचव्या पानावर तू लिहिलंस की तुम्ही परत येणार नाही. घर भाड्यानंच राहू दे. गावातली माणसं बघतात, तिकडे कुणी ओळखत नाही, मान वर करून चालता येतं. मी काय म्हणणार? बरोबर आहे. व्यवहारानं तर अगदीच बरोबर आहे. तिकडे काम आहे, इकडे भाडं येतं. माझ्या वर्गातल्या मुलीनं असं उत्तर लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते.

आणि शेवटच्या पानावर, खाली, दुसऱ्या पेनानं तू लिहिलंस: "चेची, खरं सांग, सही केली असतीस तर काय झालं असतं?"

आपण दोघी बुडालो असतो. माझा पगार कापला गेला असता, तुमचं घर तरीही गेलं असतं, ओटीवर टाइल्स मात्र चमकत राहिल्या असत्या. मी हे शंभरदा मांडून बघितलंय आणि शंभरदा हेच येतं. आज फॉर्म आणलास तरी मी सही करणार नाही.

पण खरं सांग म्हणालीस म्हणून आणखी एक सांगते. कधी दुपारी वह्या तपासताना मला वाटतं, बुडालो असतो तर एका घरात बुडालो असतो. तू माझ्याकडेच राहायला आली असतीस, नवऱ्यासकट, भांड्यांसकट. रोज भांडलो असतो. मी हिशेब लिहीत बसले असते आणि तू पाठीमागून म्हणाली असतीस, पुरे कर ग, डोळे जातील. असं मनात आलं की मी वह्या बाजूला ठेवते आणि उठून उगाच अंगणात जाते. मग परत येऊन तपासते. हिशेब बदलत नाही.

ओणमची शाळेला सुट्टी लागते आहे. मी तिरुपूरला येते. शनिवारी, सकाळच्या गाडीनं. पैसे आणणार नाही, सल्लाही आणणार नाही, वर्कीसमोर पोरिंजूचं नावसुद्धा काढणार नाही. केळ्याचे काप आणि थोडं बीफ आणीन, खोबरं जास्त घालून.

तू मला ये म्हणाली नाहीस. आठही पानं मी त्यासाठी पुन्हा बघितली. म्हणून तुला अडचणीत टाकत नाही. दार उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडूस. मी दारापाशी थोडा वेळ थांबेन आणि परतीच्या गाडीनं निघेन, माणसांना दिसणार नाही अशी कडेला उभी राहीन. तू आत आपलं काम करत राहा. मशीन चालव, वर्कीवर खेकस, शेजारणीशी पाण्यावरून भांड, काय वाटेल ते बोल. दाराआडून मला ऐकू येईल एवढं मोठ्यानं बोल म्हणजे झालं.

चेची